न जुळणारं वाक्य

वाक्य बसेना. झालं होतं ते एवढंच. कुणी पडलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं, वाईट बातमी घेऊन कुणाचा फोन आला नव्हता. आणि तरी भर सकाळी मी कॉम्प्युटरपुढे ते पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते. मागच्या वर्षी मी उंच इमारतींसाठी सूचना रेकॉर्ड करून दिल्या होत्या. आग लागली तर लिफ्ट वापरू नका, जिन्याने उतरा, तोंडावर ओला कपडा धरा, वगैरे. त्यात एक वाक्य चुकीचं गेलं होतं. चूक लिहिणाऱ्याची, पण आवाज माझा. 'दार उघडून बाहेरची परिस्थिती पाहा,' असं मी अगदी ठामपणे, कुणाचाही विश्वास बसेल अशा सुरात सांगून ठेवलं होतं, आणि आता कुणा अग्निशमन अधिकाऱ्याने ते ऐकून कपाळावर हात मारून घेतला होता. काल संध्याकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. या बाई मला फक्त दुरुस्ती निघाली की फोन करतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव दुरुस्तीबाई. "रागावू नका हं मॅडम," त्या म्हणाल्या, "एकच वाक्य आहे. तुम्हाला काय, चुटकीसरशी होईल. पण उद्या दुपारपर्यंत हवंच, कारण तोवर तुमचं ते जुनंच वाक्य इमारतींत वाजतंय." नवं वाक्य असं होतं: 'दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहा, आणि गरम लागलं तर उघडू नका.' मी सकाळी उठून ते म्हटलं, जुन्या रेकॉर्डिंगमधलं चुकीचं वाक्य कापलं, तिथे हे चिकटवलं आणि ऐकलं. आधीचं वाक्य मी बोलत होते, नंतरचं वाक्य मी बोलत होते, आणि मधलं वाक्य कुणीतरी दुसरीच बाई बोलत होती.

माझं हे काम कपाटात चालतं. आमच्या बेडरूमच्या भिंतीत एक खोल कपाट आहे, त्यातल्या खालच्या फळ्या काढून मी तिथे स्टूल ठेवलंय. तिन्ही बाजूंना गोधड्या आणि जाड कोट टांगलेत, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. माइक तोंडापासून एक वीत लांब. माइकपुढे कशिद्याच्या कड्यावर ताणून बसवलेला जुना पायमोजा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. कॉम्प्युटर बाहेर टेबलावर, कारण त्याचा पंखा घरघरतो. त्याची लांब वायर दाराच्या फटीतून आत येते. बोलण्याआधी सफरचंदाची एक फोड खायची, तोंड चिकट राहत नाही. "बायको काय करते?" असं कुणी विचारलं की नवरा सांगतो, "कपाटात बसून जगाला उपदेश करते." ऐकणाऱ्यांना मात्र वाटतं, मोठा स्टुडिओ असणार, काचेपलीकडे चारपाच माणसं असणार. पलीकडे कुणी नसतं. तरीही रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की मी आधी खाकरते आणि समोरच्या कोटांना विचारते, "येतंय का ऐकू?" मग कामाचं वाचन सुरू. ही खोड कधी लागली ते आठवत नाही. सुरुवातीचा तो तुकडा न ऐकताच कापून टाकायचा, हीही सवयच. पुढचं काम झाडूचं. कॉम्प्युटरमधल्या सफाईच्या सोयीला मी झाडू म्हणते. खोलीतल्या शांततेचा एक नमुना तिला द्यायचा, श्वास, चिकचिक, खरखर यांतलं काय काय काढायचं ते सांगायचं, आणि बटण दाबायचं. सगळा केर लोटला जातो आणि खाली उरतो तो आवाज, ज्याचे मला पैसे मिळतात.

तेव्हा वाक्य बसेना म्हटल्यावर मी आधी शहाण्यासारखं वागले. आवाज कशाने बदलतो हे मला पाठ आहे. मागच्या वर्षी डावीकडे जाड निळी गोधडी होती, ती मध्यंतरी धुवून माळ्यावर टाकली होती. स्टूल लावून ती खाली काढली, टांगली, पुन्हा वाक्य म्हटलं. बसेना. तेव्हा मी जमिनीवर सतरंजी घालत असे, ती घातली. बसेना. वीतभर अंतर पुन्हा मोजलं, माझी वीत काही वर्षभरात वाढलेली नाही. पायमोज्याची जाळी सैल पडली असेल म्हणून दुसरा मोजा शोधला. पाणी प्यायले, थोडं थांबून पुन्हा म्हटलं, उभं राहून म्हटलं, जुनं रेकॉर्डिंग कानात चालू ठेवून त्याच्या सुरात सूर मिसळत म्हटलं, लहान मुलं मोठ्या माणसाच्या पावलांवर पाऊल टाकत चालतात तसं. दरवेळी तेच. शब्द नीट, वेग नीट, चढउतार जिथल्या तिथे. फक्त बाई दुसरी. आणि मग एक एक करत सगळी कारणं संपली. खोली तीच होती, माइक तोच होता, गोधडी परत आली होती. न जुळणारी वस्तू त्या कपाटात आता एकच उरली होती, आणि ती स्टुलावर बसली होती.

नवरा तेव्हा दुकानाला निघायच्या गडबडीत होता. तो चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत राहतो, "ही बरी की ही?" आणि ते इतकं अंगात मुरलंय की घरीही दोन शर्ट, दोन भाज्या, दोन रस्ते, काहीही पुढे आलं की तोच प्रश्न. मला कपाटातून घामाघूम होऊन निघताना बघून तो म्हणाला, "काय गं, आज उपदेश पेलत नाहीये का जगाला?"

"वाक्य बसत नाहीये."

"मग जरा दाबून बसव."

"थट्टा नको. माझा आवाज कसा वाटतोय तुला?"

त्याने बूट घालता घालता मान वर केली. "कसा म्हणजे? तुझ्यासारखा."

"बदललाय का?"

"अगं, रोज ऐकतोय मी. बदलला असता तर कळलं नसतं का?" असं म्हणून त्याने रुमाल घेतला, किल्ल्या घेतल्या आणि गेला. त्याला वाटलं, त्याने मला धीर दिला. मी दार लावून घेतलं आणि त्याला टेकून उभी राहिले, कारण हेच वाक्य, अगदी याच बेफिकीर मायेने म्हटलेलं, मी पूर्वी ऐकलं होतं. ऐकलं होतं कशाला, म्हटलं होतं.

आई शाळेत शिकवायची. लहान वर्गांना, म्हणजे दिवसभर आरडाओरडा. शिक्षकांचा घसा बसणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सोमवारी चांगला असायचा, शनिवारी बसायचा, रविवारी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मग केव्हातरी तो रविवारीही बसलेलाच राहू लागला. केव्हा, ते कुणालाच सांगता येत नाही, कारण आम्ही सगळे रोज तिथेच होतो. एका दिवसात काही घडलं असतं तर घर दणाणून गेलं असतं. कालच्यापेक्षा आज एवढंसं, आजच्यापेक्षा उद्या एवढंसं, असं झालं आणि आम्ही त्याच्याबरोबर सरकत गेलो. ती हाका मारू लागली की बाबा म्हणायचे, "इंजिन सुरू झालं." आम्ही खिदळायचो, तीही हसायची. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा घरी यायला लागला आणि त्याला तो आवाज फार आवडला. "आईंचा आवाज किती भारदस्त आहे," तो म्हणायचा. त्याने तिचा दुसरा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्याच्या लेखी आईचा आवाज म्हणजे तोच, जाड, खरखरीत, शेवटाला हवा सोडणारा. मग एके दिवशी मामाचा फोन आला. आईचा धाकटा भाऊ, परदेशात कामाला, बऱ्याच काळाने त्याला फोन करायची बुद्धी झाली होती. आईने नेहमीप्रमाणे फोन उचलला, खाकरली आणि म्हणाली, "येतंय का ऐकू?" तिचा प्रत्येक फोन असाच सुरू व्हायचा, वर्गातल्या शेवटच्या बाकाला विचारावं तसा. पलीकडून मामा अगदी अदबीने म्हणाला, "हो, येतंय. आपण कोण बोलताय? जरा ताईला बोलावता का?"

आम्ही पोट धरधरून हसलो. ती घरातली त्या वर्षातली सगळ्यात मोठी गंमत ठरली. पुढे कितीतरी दिवस कुणीही आईला हाक मारताना "जरा ताईला बोलावता का?" असंच म्हणायचं. मामा मात्र हसला नव्हता. त्याने त्याच आठवड्यात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगितली, डॉक्टरला दाखवा. बाबा म्हणाले, "लांब राहिलं की उगाच काळजी वाटते माणसाला. आम्ही रोज ऐकतोय ना." आणि मी, त्याच खोलीत बसलेली, म्हणाले, "बदलला असता तर कळलं नसतं का आम्हाला?" नंतर दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या घशात बराच वेळ पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. त्यांनी काही आरोप केला नाही. फक्त विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यानंतर ऑपरेशन झालं, आवाज गेला, आई पाटीवर खडूने लिहून बोलू लागली, आणि एका वर्षाने तेही थांबलं. तिचा आवाज कुठेही नाही. नवऱ्याने माझ्यासाठी जुन्या कॅसेटींची खोकी उपसली, नातेवाइकांकडे विचारलं, शाळेच्या संमेलनाची टेप मिळवून आणली. तिच्यात आईची पाळी येण्याआधीच टेप संपत होती. अजूनही त्याला कुठे जुनी कॅसेट दिसली की तो ती उचलून आणतो आणि माझ्याकडे न बघता वाजवून पाहतो.

मी दारापासून हलले आणि कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी स्वतःशी म्हटलं, उगाच नाही नाही ते मनात आणू नकोस, सर्दी असेल, रात्री झोप नीट झाली नसेल. पण सर्दी नव्हती आणि झोप उत्तम झाली होती. मला आठवतच नव्हतं की मी माझा आवाज न झाडता शेवटचा कधी ऐकला. मी रेकॉर्ड करते, झाडू फिरवते, मग ऐकते. कच्चं रेकॉर्डिंग लगेच पुसून टाकते, कारण ते जागा फार खातं. म्हणजे गेल्या सगळ्या वर्षाचे माझे आवाज माझ्याजवळ आहेत, पण सगळे आंघोळ करून, भांग पाडून बसलेले. मग मी झाडूच्या खुणा पाहिल्या. केर किती जोराने काढायचा याची एक दांडी असते, ती पुढे सरकवली की जास्त निघतो. प्रत्येक कामाबरोबर ती कुठे होती ते कॉम्प्युटर आपोआप ठेवून घेतो. मी कधी त्याकडे पाहिलं नव्हतं. आगीच्या सूचनांच्या वेळी दांडी अगदी खाली होती. त्यानंतरच्या बँकेच्या कामात जराशी वर. मग औषधाच्या माहितीत आणखी जराशी. मग प्रवासाच्या पुस्तकात आणखी. दरवेळी मी ऐकून म्हटलं असणार, आज थोडी खरखर जास्त आहे, रस्त्यावरून आली असेल, आणि दांडी एवढीशी ढकलली असणार. एकदाही जोरात नाही. आता ती निम्म्याच्याही पुढे होती. आईच्या बाबतीत निदान आम्ही नुसते बसून होतो. इथे मी स्वतःच्या हाताने रोज केर लोटत होते आणि मागे वळून बघत नव्हते.

सकाळच्या रेकॉर्डिंगांतलं शेवटचं अजून पुसलेलं नव्हतं. ते झाडू न लावता ऐकायचं, एवढंच करायचं होतं. मी हेडफोन कानावर चढवला आणि उतरवला. उठून खिडकी लावली. पाणी प्यायले. भीती वाटत होती, दुसरं काहीही नाही, साधी भीती, लहानपणी डॉक्टरच्या जिन्यावर वाटायची ती. शेवटी मी सुरुवात सोडून थेट वाक्यावर गेले आणि ऐकलं. 'दार उघडण्यापूर्वी' हे ठीक होतं. 'त्याला हाताची मागची बाजू' इथे शब्दांखाली काहीतरी होतं, फरशीवर वाळू सांडलेली असावी आणि पाऊल टाकताना कळावं तसं. 'गरम लागलं तर उघडू नका' यातल्या 'नका'चा शेवट झालाच नाही. आवाज संपला आणि नुसती हवा गेली. मी पुन्हा ऐकलं. मग स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "उघडू नका." खोलीत ते अगदी साधं, माझंच वाटलं. डोक्याच्या आतून ऐकताना सगळं आपलंच वाटतं.

दुपार होत आली होती आणि इमारतींत ते चुकीचं वाक्य वाजत होतं. कुणीतरी धुराच्या वासाने जागं होईल, माझं ऐकेल आणि दार उघडेल, हा विचार मला सहन होईना. मी झाडूची दांडी धरली आणि टोकापर्यंत ढकलली. वाळू गेली. हवा गेली. 'नका'चा शेवट कुठूनसा परत आला, गुळगुळीत, नवा. मी ते वाक्य जागेवर चिकटवलं आणि पाठवून दिलं. लगेचच दुरुस्तीबाईंचा फोन आला. "मॅडम, कमाल आहे हो तुमची! जोड कुठे आहे ते मला शोधूनही सापडत नाही. आमच्या साहेबांना ऐकवलं, ते म्हणाले, एका बैठकीत बोलल्यासारखं वाटतंय." मी आभार मानले. फोन ठेवला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, त्या बाई दिवसभर आवाजच ऐकतात, त्यांना कळलं नाही म्हणजे काही नसेलच. मी पोळ्यांना कणीक मळायला घेतली. मळता मळता गुणगुणूनही पाहिलं. मग लक्षात आलं की त्यांनी मला ऐकलंच नव्हतं, त्यांनी झाडूला ऐकलं होतं.

आणि फोनवर? फोनवर तर मीच बोलले होते. पण तो आवाज त्या महिन्यातून दोनदा ऐकतात. म्हणजे त्याही सरकत आल्या आहेत माझ्याबरोबर. मला मामा हवा होता. पण मामाही आता नाही, आणि माझ्या ओळखीत असं कुणीच उरलं नव्हतं ज्याने मला बराच काळ ऐकलेलं नाही. सगळे रोजचे होते. कणकेचे हात तसेच ठेवून मी उभी होते तेवढ्यात कुलूप फिरल्याचा आवाज आला. दुकान दुपारी बंद असतं, नवरा जेवायला आला होता.

"बसलं का वाक्य?" त्याने विचारलं.

"बसलं."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"जरा आत ये. जेवायच्या आधी. मला तुझं काम आहे."

"आता भूक लागलीय गं."

"ये म्हणते ना," मी म्हणाले, आणि माझ्या बोलण्यात काहीतरी असावं, कारण तो गुपचूप आला. मी त्याला कपाटात स्टुलावर बसवलं. तिथे तो कधी बसत नाही, गुडघे पोटाशी घेऊन कोटांच्या मधे तो फार मोठा दिसत होता. "हे बरंय," तो म्हणाला, "आता मला उपदेश." मी हेडफोन त्याच्या कानांवर बसवला. मी ठरवलं होतं की त्याला काहीच सांगायचं नाही. आधी जुनं ऐकवायचं, मग आजचं, न झाडलेलं, आणि त्याचाच प्रश्न त्याला विचारायचा. हेडफोनमधून ऐकलं की माणूस जरा लांबचा होतो, रोजचा राहत नाही. कदाचित तो म्हणेल, दोन्ही सारखीच. तो असं म्हणाला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि जेवायला बसायचं, असं मी मनाशी कबूल केलं होतं. आणि त्याने तसं म्हणावं म्हणून मी हात जोडायच्या बेतात होते.

"दोन वाजवते," मी त्याचा एक कान उघडून सांगितलं. "पहिली बरी की दुसरी, एवढंच सांग."

"हां, हे आपलं काम," तो म्हणाला.

मी बाहेर टेबलापाशी गेले आणि जुनं लावलं. फटीतून तो मला दिसत होता. ऐकताना तो गिऱ्हाइकापुढे बसतो तसा डोळे बारीक करून बसला होता, मध्येच अंगठा वर करून त्याने 'छान' असं दाखवलं. मग मी आजचं लावलं. घाईत वाक्य कुठे आहे ते शोधत बसले नाही, अगदी सुरुवातीपासूनच लावलं. मला काही ऐकू येत नव्हतं, आवाज फक्त त्याच्या कानात होता. मला नुसता त्याचा चेहरा दिसत होता. अंगठा खाली आला. डोळे मोठे झाले. वाक्य सुरू व्हायला अजून वेळ होता, पडद्यावर रेघ अजून सुरुवातीच्या तुकड्यातच होती, जो मी नेहमी न ऐकताच कापते, आणि त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. मग हेडफोन काढून तो ताडकन उठला, डोकं वरच्या फळीला आपटलं, त्याचं त्याला भान नव्हतं. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"अगं, कुठे सापडलं हे?" तो म्हणाला. "कधी सापडलं? सांगितलं का नाहीस मला? अगदी आईच! तसंच खाकरणं, तसंच 'येतंय का ऐकू?'... एवढी वर्षं शोधतोय मी!" त्याने माझे कणकेने भरलेले हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. "लाव ना पुन्हा. थोडंसंच ऐकलं मी. लाव."

"आज सकाळचं आहे ते," मी म्हणाले.

त्याला कळायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो हसतच होता.